रुखमाबाईच्या न जळणाऱ्या वाती

१

"आजी, तुह्या वाती जळत काऊन नाहीत वं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न पंचफुलाचा नव्हताच. तो होता पुष्पी आणि कला या तिच्या वर्गमैत्रिणींचा, आणि त्या दोघी आत्ता पेरूच्या गाडीमागे लपून एकमेकींना चिमटे काढत होत्या. "भर बाजारात विचारून दाखव, मंग तुले मानलं!" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण पंचफुला पंधरा वर्षांची, नववीत पहिली आलेली, आणि गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल घेऊन आलेली. तिला कोणी 'करून दाखव' म्हटलं की पाय आधी निघायचे आणि डोकं मागून धावत यायचं.

मोताळ्याच्या बाजारात रुखमाबाई गोणपाट अंथरून फुलवाती विकायला बसे. एरवी ती जिनात, म्हणजे सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, झाडू मारायची. तिनं मान वर केली.

"वाती लवकर जळतात म्हून बाया भांडतात माह्याशी. जळत नाई म्हून भांडाले आलेली तूच पह्यली! काय, घरी तेल जास्त झालं का तुमच्या?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. पुष्पीला काही राहवेना. ती गाडीमागून बाहेरच आली.

"आजी, खरंच. मागच्या बाजारची तुही वात आमच्या देवापुढं पाच दिस झाले तीच हाये. तेल सरते, वात सरत नाई. काजळी झटकली का पांढरीफेक!"

"बाप्पा!" मिरच्या विकणाऱ्या बाईनं कपाळाला हात लावला. "हाताले देव लागला म्हना की तुह्या, रुखमे."

सगळे हसले, पण रुखमाबाई हसली नाही. वात वळणारी तिची बोटं थांबली होती. पंचफुला पैसे द्यायला वाकली, तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नको, पोरी. माह्या बी घरी तसंच होऊन राह्यलं. मले भेव लागते."

दोन वाती रुमालाच्या टोकाला बांधून पंचफुला उड्या मारतच घरी निघाली. मायला ही गंमत कशी सांगायची, याची जुळवाजुळव चालली होती. पण दारातच तिचे पाय थबकले. हंगामाच्या दिवसांत अंधार पडल्याशिवाय घरी न दिसणारे तिचे बाबा भरदुपारी उंबऱ्यावर बसले होते.

"जिनातून काढलं मले," शंकरराव म्हणाले. "चोर म्हनून."

२

शंकररावांचं काम बॉयलरवरचं. वाफेच्या पाइपांची धग बाहेर पडू नये म्हणून त्यांना जाड लेप द्यावा लागे. त्याचा माल मुंबईकडून गोण्यांतून यायचा: पांढरा, मऊ, कापसासारखा पिंजलेला. तो अर्ध्या पिंपात ओतायचा, पाणी घालून मळायचा, आणि त्या चिखलानं पाइप लिंपायचे. हंगामात चार गोण्या आल्या होत्या. सरकारी इन्स्पेक्टर परवा येणार म्हणून आज मोजदाद झाली, तर तीनच निघाल्या.

"त्या चिखलाले कोन चोरते?" माय, म्हणजे बेबीताई, चुलीपुढून कडाडली. "खाता येत नाई, लेता येत नाई!"

"थेच म्या म्हटलं. पन कोठीची एक चावी माह्यापाशी, एक उत्तमरावापाशी. उत्तमराव कारकून मानूस, त्याले कोन पुसते? मॅनेजर म्हने, परवा इन्स्पेक्टर येऊन जाईपर्यंत गोनी आली नाई तं पोलिसात देतो. आन गोनी आली तरी—"

पुढचं वाक्य खोकल्यात बुडालं. हा खोकला दोन पावसाळ्यांपूर्वी घरात आला आणि पाहुण्यासारखा परत गेलाच नाही. पंचफुलाला एकदम पंजाबराव आठवले. बाबांच्या आधी लेपाचं काम तेच करायचे. शेवटी शेवटी खाटेवरून विहिरीपर्यंत जायला त्यांना तीनदा बसावं लागे. डॉक्टर टीबी म्हणाले, आणि टीबीचं औषध घेत घेतच ते गेले.

"बाबा, गोनी केव्हा गेली?"

"थेच तं कोनाले ठाव नाई."

"मंग मी शोधतो."

"तू?" मायनं फुंकणी खाली ठेवली. "भाषनात ढाल भेटली म्हून फौजदार झाली का तू?"

पंचफुला हसली. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती बाबांचा श्वास ऐकत होती. ओलं लाकूड पेटताना धुसफुसतं, तशी त्याची घरघर. तिला चोर सापडायलाच हवा होता. परवाच्या आत.

३

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती जिनाच्या फाटकाशी उभी राहिली. फाटकावर होते मुकादम भगवानराव, काळी टोपी आणि हातात वेताची छडी घेऊन. बैलगाड्यांची रांग लागली होती. भगवानराव डोळे मिटून प्रत्येक गाडीतला कापूस चिमटीत धरत, धागा ओढत आणि सांगत, "हा सोनाळ्याकडचा. हा दवात भिजलेला. अन हा... तुले काय वाटलं बे, खाली किडकी कवडी भरून वर फुल कापूस ठेवला तं मले समजन नाई?"

गाडीवान ओशाळून हसला. पंचफुलाला क्षणभर आपण कशाला आलो याचाच विसर पडला.

"मामा, तुमी न पाह्यता कसं वळखता?"

"तीस वर्सं झाले पोरी. डोये फसतात, बोटं फसत नाईत." मग त्यांचा आवाज उतरला. "शंकररावाची पोट्टी न तू? वाईट झालं. पन साहेबाच्या पुढं माह्यं काय चालते?"

कोठीतले उत्तमराव मात्र हातभर लांब गप्पांचा माणूस. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, चहाही मागवला.

"चावी माही या खिळ्यावर. च्या प्याले गेलो का खिळा उघडा. कोनीही न्यावी, कोनीही आनावी. आता तुह्या बापालेच धरलं, याले मी काय करू?"

"काका, चारी गोन्या सारख्याच होत्या का?"

"सारख्या कोठच्या! गेली थे लाखेच्या शिक्क्याची होती."

पंचफुलाचा चहाचा कप हवेतच राहिला. "कोणता शिक्का?"

"दसऱ्याच्या आधी इन्स्पेक्टर आला होता, तो तपासाले न्याची म्हून शिक्का मारून गेला. म्हने, हा माल कोरडा उघडू नका, लेपवाल्याच्या तोंडाले जाळी द्या, झाडताना पानी शिंपडा. एक कागदबी चिटकवला होता फाटकावर. दुसऱ्या दिसी कागद नाई."

घरी येताना पंचफुला रस्त्याच्या कडेकडेनं चालत होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. चोराला माल हवा असता, तर त्यानं तीन उघड्या गोण्यांतली एखादी नेली असती. शिक्का फोडायची भानगड त्यानं कशाला केली असती? म्हणजे नेणाऱ्याला माल नकोच होता. त्याला ती गोणी तिथे नको होती.

पण अख्खी गोणी फाटकाबाहेर गेली तरी कशी? तिथे तर सरकीचं पोतंसुद्धा कागदाशिवाय सुटत नाही.

तेवढ्यात रुमालाच्या गाठीतल्या वाती तिच्या हाताला लागल्या. पांढऱ्या, मऊ, आणि आगीतही न जळणाऱ्या! ती गर्रकन वळली आणि शाळेकडे धावत सुटली.

४

भाऊराव गुरुजी विज्ञानाची खोली बंद करतच होते. पंचफुलाचं तोंड पाहून त्यांनी कुलूप परत काढलं आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. वात चिमट्यात धरली, ज्योतीत घातली. वातीतला थोडा कापूस भुर्रकन जळला. मग काहीच नाही. वात लालभडक झाली, बाहेर काढल्यावर पुन्हा पांढरी.

"हात धू," गुरुजी म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते कधी बोलत नसत. "साबण लावून धू. रुमालही पाण्यात टाक."

त्यांनी दोन्ही वाती पाण्याच्या बरणीत बुडवून झाकण लावलं.

"पंचफुला, हा कापूस नाही, दगड आहे. खाणीतून निघतो, पण पिंजला की धागे सुटतात. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात याला. आगीला दाद देत नाही म्हणून बॉयलरला वापरतात."

"मंग चांगलाच झाला की, गुरुजी."

"पाइपासाठी चांगला. माणसासाठी नाही. कोरडा असला की याचे धागे तुटून इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच बसतात. कापूस कुजतो, जळतो. हा काहीच होत नाही. छातीत जाऊन बसला की छाती हळूहळू घट्ट होत जाते, आणि हे कळायला दहा-वीस वर्षं लागतात."

"आन तोवर डॉक्टर काय म्हनते?"

गुरुजींनी दिवा विझवला. "बऱ्याचदा टीबी म्हणतात."

पंचफुलाला खाटेवरून विहिरीपर्यंत तीनदा बसणारे पंजाबराव दिसले. मग तिला बाबा दिसले, पिंपात कोरडी गोणी उलटी करणारे, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेले आणि तसेच हसत घरी येणारे. "पाह्य फुला, तुहा बाप म्हातारा झाला!" लहानपणी त्या भुवयांवर फुंकर मारायला तिला फार आवडायचं.

तिनं डोळे पुसले. आणि तिला दुसरीच गोष्ट आठवली. रुखमाबाई म्हणाली होती, माह्या बी घरी तसंच होऊन राह्यलं.

रुखमाबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तान्ह्या बाळाला म्हाताऱ्या आज्या काय शिवतात?

"गुरुजी!" ती ओरडली. "उशी!"

५

रुखमाबाईच्या घरी बाळ झोपलं होतं. डोक्याखाली टीचभर लांबीची, जुन्या लुगड्याची मऊ उशी.

"उचल आजी, बाळाले उचल आधी! हळू. उशी हलवू नको!"

रुखमाबाई आधी चिडली, मग घाबरली, आणि शेवटी सांगितलं तसं करत गेली. पंचफुलानं ओल्या फडक्यात उशी गुंडाळली, माठात ठेवली, वर पाणी ओतलं. उरलेल्या वाती, वळायला ठेवलेला गोळा, सगळं त्याच माठात. मग ओल्या फडक्यानं जमीन पुसून काढली. झाडू म्हातारीच्या हातातून तिनं अक्षरशः हिसकावून घेतला. गुरुजी दारात उभे राहून सांगत होते, ती करत होती.

सगळं झाल्यावर म्हातारी भिंतीला टेकून बसली.

"माह्या हातानं म्या शिवली वं उशी. एवढी पांढरी रुई जन्मात पाह्यली नव्हती. काडी नाई, कवडी नाई. म्हटलं, नातवाले व्हईन."

"आली कोठून, आजी?"

"झाडणीची. माह्या हक्काची हाये! चोरली नाई म्या."

हे सगळ्या मोताळ्याला ठाऊक होतं. शनिवारी भोंगा झाला की जमिनीवरची झाडलेली रुई झाडणाऱ्या बाईची. जिनाचा जुना रिवाज. बाई तिचं गाठोडं बांधून फाटकातून नेणार, त्याला कागद लागत नाही.

पंचफुला ताडकन उभी राहिली. कागद लागत नाही! अख्खी गोणी अशी बाहेर गेली होती, म्हातारीच्या डोक्यावरून.

"आजी, मागच्या बाजाराच्या आधीचा शनिवार आठव. थे रुई तू झाडली का?"

"नाई. कोपऱ्यात ढीग लावूनच ठेवला होता. म्हटलं, कोनी पुन्य केलं."

"आन फाटकावर गाठोडं कोनी पाह्यलं?"

"नेहमीसारखंच. मुकादमानं हात घातला, चिमटीत धरलं, म्हने, ने बाई."

पंचफुलानं स्वतःच्या चिमटीकडे पाहिलं.

६

संध्याकाळी दिवेलागणीला भगवानराव स्वतःच पंचफुलाच्या घरी आले. रुखमाबाईनं अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला होता. ते खाटेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. शंकरराव उभेच. बेबीताईनं पाणी दिलं.

"पोरी, तू काय सांगत फिरून राह्यली माह्याबद्दल?"

"अजून कोनालेच नाई सांगतलं, मामा. तुमालेच सांगतो." पंचफुलाचा आवाज ढाल मिळालेल्या दिवसासारखाच होता. "बाबांनी गोनी नेली नाई. बाबांच्या हाताखाली थो माल पान्यात पडते, चिखल होते. चिखलाची वात वळत नाई. वाती झाल्या म्हंजे कोनी कोरडाच उपसला. रुखमाआजीनं चोरला नाई. चोरला असता तं भर बाजारात मांडून बसली नसती, आन नातवाच्या डोक्याखाली तं नक्कीच ठेवला नसता. उत्तमकाका कोठीचे कारकून, आजी झाडते त्या रुईघरात त्यायले पायबी ठेवता येत नाई. उरले तुमी."

"काऊन मीच?"

"तुमी गाठोड्यात हात घातला म्हून. सोनाळ्याचा कापूस तुमी डोये मिटून वळखता. मंग दगड चिमटीत धरला, धागा ओढला, आन कापूस समजले? तुमची बोटं फसत नाईत, मामा. तुमीच सांगतलं."

भगवानरावांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली.

भगवानराव एकदम म्हातारे दिसायला लागले. "मॅनेजरसाहेबानं सांगतलं," ते म्हणाले. "शिक्क्याची गोनी राह्यली तं तपासाले जाईन, मंग जाळ्या, पंखे, पानी, सारा खर्च माथी बसन. म्हने, गायब कर. फाटकातून न्याची सोय नाई, अंगणात पुराची सोय नाई, शंभर डोये. खिळ्यावरची चावी घेतली. म्हटलं, झाडणीत टाकावी. बाई वाती वळन. आन वाती तं जळून जातात. आपोआप राख होईन, पुरावा काय राह्यते?"

"पाइपावर जळत नाई, हे ठाऊक होतं नं तुमाले?"

"चिखल झाल्यावर टिकते, असं वाटलं मले. कोरडं तं कापसासारखंच दिसते. आमी कापसातले मानसं, पोरी. कापसासारखं दिसते थे कापसासारखं जळन, एवढंच आमाले ठाऊक." त्यांनी मान खाली घातली. "लेकराची उशी होईन, असं डोक्यात आलं नाई. आईशपथ आलं नाई."

पंचफुलाला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण पूर्ण आला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

"शंकरराव," भगवानराव उठले. "उद्या इन्स्पेक्टर येते. साहेब म्हनते, गोनी चोरी गेली नाई, चुकून लेपातच वापरली, असं सांगू. परवापासून तुमी कामावर. नाव साफ. फक्त पोरीनं तोंड उघडाचं नाई. शब्द द्या."

शंकररावांनी बेबीताईकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग जमिनीकडे.

"दिला," ते म्हणाले.

७

भगवानराव गेल्यावर कोणी जेवायचं नाव काढेना. शेवटी बेबीताईनं भाकर पुढे केली.

"पोरी, नाव धुतलं गेलं तुह्या बापाचं. त्यासाठीच पळत होती नं तू?"

"हो माय."

"मंग?"

पंचफुला भाकरीचा तुकडा मोडत राहिली. चोर शोधायला निघाली तेव्हा सगळं किती सोपं होतं. चोर सापडला की गोष्ट संपते, असंच तिला वाटलं होतं. आणि आता चोर सापडला, बाबांचं काम परत मिळालं, आणि परवा सकाळी ते पुन्हा पिंपावर वाकून गोणी उलटी करणार. दुसरी गोणी, तिसरी, चौथी. रुखमाबाई कोरडा झाडू मारत राहणार. आणखी किती घरांत न जळणाऱ्या वाती आहेत, देव जाणे.

"गुरुजी म्हनाले, पंजाबकाकाले टीबी नव्हताच बहुतेक," ती म्हणाली.

"ठाऊक हाये मले," शंकरराव हळूच बोलले.

मायलेकी दोघींनी मान वर केली.

"त्याच्या शेवटी मी जवळ होतो. त्याचा आवाज ऐकला होता. आता माह्या छातीतून तोच येते. मले समजत नाई असं वाटते का तुले? पन घर चालवाचं हाये, फुला. तुही मॅट्रिक व्हाची हाये. म्या शब्द दिला."

त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत पंचफुला थांबली. तिनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग ती दोघांसमोर मांडी घालून बसली, भाषणाला उभी राहते तशी नाही, घरात बसतात तशी.

"बाबा, शब्द तुमी दिला. मामानं मले विचारलंच नाई, आन म्या दिला नाई. तुमचा शब्द मोडून मी तुमाले खोटं पाडनार नाई. तुमी उद्या घरीच बसा, एक अक्षर बोलू नका." ती मायकडे वळली. "माय, मी उद्या शाळेत जाणार नाई. इन्स्पेक्टरसाहेब सकाळच्या एस.टी.नं येतात. रुखमाआजी आन मी थो माठ घेऊन स्टँडवर उभ्या राहू. गुरुजींची बरणीबी नेतो. साहेब जिनात जाऊन मॅनेजरचा च्या पिण्याआधी मी त्याले सारं सांगतो. कोणत्या शनिवारी, कोणत्या गाठोड्यात, कोनाच्या हातानं. आन हेही सांगतो का माह्या बापाले तोंडाची जाळी, पिंपात पानी भरून मंगच गोनी उघडाची सोय, आन छातीचा फोटो, हे तिन्ही भेटल्याबिगर थो बॉयलरखोलीत पाय ठेवनार नाई. काम गेलं तं जाऊ द्या. मी जाऊन राह्यली. हे विचारून नाई, सांगून राह्यली."